घट, मुकुट आणि सुवर्ण

माणूस गेला म्हणजे सपिंडांनी किती दिवस आणि समानोदकांनी किती दिवस अशौच पाळावे, याचा बारीक हिशेब आपल्या धर्मशास्त्रकारांनी मांडून ठेवला आहे; परंतु ज्या साधनातून माणसाने वर्षानुवर्षे जग पाहिले ते साधन नाहीसे झाले असता मनाला जी रुखरुख लागते, तिची दखल त्यांनी घेतलेली नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, कारागीर आपल्या यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतो, आणि हल्ली कचेऱ्यांतून संगणकालाही हा मान मिळतो. म्हणजे उपकरणाशी माणसाचे नाते निव्वळ उपयोगाचे नसते हे आपल्याला मान्य आहे, फक्त त्या नात्याच्या अखेरीचा विचार आपण केलेला नाही. आवडता ब्राउझर बंद झाल्यावर हळहळणारा माणूस म्हणूनच थोडासा ओशाळतो. संगणकातल्या एका प्रणालीसाठी काय हळहळायचे, असे स्वतःला बजावून तो निमूटपणे दुसरा ब्राउझर उतरवून घेतो. माझ्या मते ह्या हळहळीत ओशाळण्याजोगे काही नाही, कारण तिच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे : एखादी गोष्ट संपली असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय संपते, काय उरते, आणि जे उरते त्याच्याशी आपले कर्तव्य कोणते?

प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष अंताच्या आधारे करणे बरे. २८ डिसेंबर २००७ रोजी एओएल कंपनीने असे जाहीर केले की, नेटस्केप नॅव्हिगेटर ह्या ब्राउझरची देखभाल १ फेब्रुवारी २००८ नंतर केली जाणार नाही. पुढे ही मुदत १ मार्चपर्यंत वाढवून देण्यात आली. इलिनॉय विद्यापीठात 'मोझेक' हा ब्राउझर घडवणाऱ्या तरुणांपैकी मार्क अँड्रीसन याने जिम क्लार्क यांच्यासह १९९४ साली जी कंपनी काढली, तिचे हे अपत्य. मोडेमचा चित्कार ऐकत ज्या पिढीने इंटरनेटचे पहिले दर्शन घेतले, तिच्यातील पुष्कळांच्या लेखी नेटस्केप आणि इंटरनेट ह्या दोन निराळ्या वस्तू नव्हत्याच. पुढे मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट देऊ केला. अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली त्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. परंतु न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत नेटस्केप लढाई हरून एओएलच्या पदरी पडला होता. दहाएक वर्षे असा परावलंबी संसार केल्यावर त्याची अखेर झाली, आणि जे अद्याप त्याला धरून होते त्यांनी फायरफॉक्स किंवा फ्लॉक ह्या ब्राउझरांकडे वळावे, अशी शिफारस करण्यात आली. आश्रयासाठी सुचवलेल्या ह्या दोन घरांपैकी फ्लॉकचे घर २०११ साली स्वतःच मोडले.

असा प्रसंग आला की गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आपल्या तोंडी चटकन येतो : जुने टाकावे, नवे ल्यावे, नेसणारा तोच. दृष्टान्त थोर आहे. पण येथे तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे पाहिले की विषयाच्या गाभ्यात शिरता येते. वस्त्राचा धागा झिजतो, त्याचे जीर्णत्व त्याच्याच अंगी असते. ब्राउझर झिजत नाही. नेटस्केपची शेवटची प्रत कोणी जपून ठेवली असेल तर तिच्यातील एक अंकही इकडचा तिकडे झालेला नसेल. ती पहिल्या दिवसाइतकीच अक्षत असेल आणि तरीही जवळजवळ निरुपयोगी ठरेल. संकेतस्थळे ज्या गुप्तलिपीत आता बोलतात ती तिला येत नाही. ह्या गुप्तलिपीच्या, म्हणजे टीएलएसच्या, ज्या जुन्या आवृत्त्या तिला ठाऊक होत्या, त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास सोडून दिल्या. समोरचे संकेतस्थळ तोतया नाही अशी ग्वाही देणारी प्रमाणपत्रे ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर स्वीकारली जातात, त्यालाही मुदत असते : ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत सरली, आणि ज्या जुन्या यंत्रांपर्यंत नवे प्रमाणपत्र पोचलेले नव्हते त्यांना काल उघडणारी स्थळे आज उघडेनाशी झाली. त्या यंत्रांत रात्रीतून काहीही बिघडले नव्हते. शिवाय प्रत्येक ब्राउझरमध्ये चोराला शिरता येईल अशी भगदाडे कालांतराने सापडतच असतात, आणि ती बुजवणारा कोणी उरला नाही म्हणजे अक्षत राहिलेली वास्तूही राहण्यास अयोग्य होते. तात्पर्य, ब्राउझर मरतो तो स्वतःच्या क्षयाने मरत नाही. त्याची रोज काळजी घेण्याचे जे वचन कोणीतरी दिलेले असते, ते संपते म्हणून मरतो. त्याचे प्राण त्याच्या देहात कधी नव्हतेच.

मग वस्त्राच्या दृष्टान्तापेक्षा अधिक नेमका दृष्टान्त कोणता? मला तो जैन आचार्य समन्तभद्र यांच्या 'आप्तमीमांसे'त सापडतो. उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी नांदतात, हे जैन दर्शनाचे सुप्रसिद्ध मत. ते पटवण्यासाठी आचार्यांनी सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट घडवल्याचे उदाहरण घेतले आहे. ज्याला घट हवा होता तो शोक करतो, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते त्याच्या चित्तात हर्ष नाही की विषाद नाही. आणि ह्या तिघांपैकी कोणाचीही भावना निराधार नाही. ह्या दृष्टान्ताचे मोठेपण मला ह्या शेवटच्या मान्यतेत दिसते. शोक करणाऱ्याला तो मूर्ख ठरवत नाही. घट खरोखरच मोडलेला आहे. नेटस्केपच्या खिडकीच्या कोपऱ्यातील, उल्का झेपावणारे ते 'एन' अक्षर, हाताला पडलेले ते वळण, डोळे मिटून सापडणारी ती बटणे ही पुन्हा मिळणार नाहीत, आणि नवा ब्राउझर कितीही वेगवान असला तरी तो वेग ह्या नुकसानीची भरपाई नव्हे; तो निराळाच लाभ आहे.

आता सोने कोणते, ते पाहू. नेटस्केपच्या बाबतीत उत्तर प्रथमदर्शनी सोपे वाटते. पराभव समोर दिसू लागल्यावर, परंतु मरणाच्या तब्बल दहा वर्षे आधी, नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सर्वांना खुला करण्याचा निर्णय जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केला आणि ३१ मार्च १९९८ रोजी तो खरोखरच जगाच्या हवाली केला. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला. त्या प्रकल्पातून २००२ साली 'फिनिक्स' ह्या नावाने एक सुटसुटीत ब्राउझर बाहेर पडला, आणि त्याचीच पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स म्हणून प्रसिद्ध झाली. तेव्हा कोड हे सुवर्ण, नेटस्केप हा घट आणि फायरफॉक्स हा मुकुट, असे समीकरण मांडून मोकळे होण्याचा मोह पडतो. दुर्दैवाने इतिहास ह्या समीकरणाला साथ देत नाही. खुला केलेला तो कोड इतका गुंतागुंतीचा आणि डागडुजीने जर्जर झालेला निघाला की, पानाची मांडणी करणारे जुने इंजिन टाकून देऊन 'गेको' हे नवे इंजिन स्वीकारण्याचा निर्णय प्रकल्पाच्या चालकांना त्याच वर्षी घ्यावा लागला. म्हणजे मुकुट घडला तो बव्हंशी दुसऱ्याच धातूचा! उलट, नेटस्केपच्या अखेरच्या दोन प्रमुख आवृत्त्या फायरफॉक्सच्या कोडवर बेतलेल्या होत्या. पित्याने अंतकाळी पुत्राचा देह धारण करावा असा हा विलक्षण व्यत्यास.

रूप गेले, नाव गेले, द्रव्यही पालटले. मग टिकले काय? येथे समन्तभद्रांचा हात सोडून थोडे बौद्धांकडे जावे लागते. 'मिलिंदपञ्हा'त ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भदंत नागसेनांना विचारतो की, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात काहीच संक्रमण करीत नसेल तर पुनर्जन्म म्हणता तो कोणाचा? नागसेन त्याला एका दिव्यावरून लावलेल्या दुसऱ्या दिव्याचा दाखला देतात : पहिल्यातून दुसऱ्यात कोणतीही वस्तू गेलेली नाही, तरी पहिल्यावाचून दुसरा पेटला नसता. आणि काहीच संक्रमण करीत नसेल तर पापाची जबाबदारी कोणावर, ह्या शंकेवर ते आंब्यांच्या चोराचे उदाहरण देतात : मालकाने लावलेले आंबे वेगळे आणि मी चोरले ते वेगळे, अशी सबब तो चोर सांगू लागला तर राजा ती मान्य करणार नाही. प्रवाहातून द्रव्य वाहत नसले तरी दायित्व वाहते, हे त्या संवादाचे मर्म आहे. आणि मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. नेटस्केपकडून फायरफॉक्सकडे जे गेले ते दायित्व होते. १९९८ सालच्या त्या मोझिला सार्वजनिक परवान्याची कलमे वाचली तर ती एखाद्या सनदेसारखी वाटतात : हा कोड कोणीही घ्यावा, वापरावा, त्यात फेरफार करावा, मात्र ह्या मूळ फायलींत फेरफार करून ते वाटणाऱ्याने ते फेरफार तसेच खुले ठेवावेत. पुढे १५ जुलै २००३ रोजी मोझिला प्रतिष्ठान स्थापन झाले आणि एओएलने त्याला २० लाख डॉलरांचे भांडवल दिले, तेव्हा ह्या दायित्वाला कायदेशीर धनीही मिळाला. ह्या दानाचे मूळ आणखी मागे नेता येते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत जाळ्याची कल्पना साकार केली होती, आणि सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी त्या जाळ्याच्या मूळ प्रणालीवरील आपला हक्क सोडून ती सर्वांना मोकळी केली. आपण ज्याला सुवर्ण म्हणत होतो ते ह्या हक्कसोडीचे सातत्य आहे. त्याचे धातू मध्ये दोनतीनदा पालटले, पण सनद पालटली नाही.

हे अनुमान खरे की सोयीचे, ते ताडून पाहण्यासाठी उलट बाजूचे प्रकरण घेऊ. नॉर्वेतील ऑपेरा ह्या ब्राउझरचा भक्तवर्ग संख्येने लहान पण निष्ठेने कडवा होता. पाने पाहण्याला दिलेली पत्रव्यवहाराची जोड, माऊसच्या नुसत्या हालचालीने चालणाऱ्या आज्ञा, आणि पदोपदी स्वतःच्या मर्जीप्रमाणे बदल करण्याची मुभा, ह्या गोष्टींवर तो वर्ग लुब्ध होता. २०१३ साली कंपनीने आपले 'प्रेस्टो' हे इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमचा पाया स्वीकारला. नाव तेच राहिले, बोधचिन्ह तेच राहिले, कंपनीही तीच. परंतु त्या वर्षी आलेल्या पंधराव्या आवृत्तीत साध्या वाचनखुणांची व्यवस्थाही शिल्लक नव्हती. जुन्या भक्तांना आपला ब्राउझर गेला असे वाटले, आणि ते मला रास्त वाटते. कंपनीचे एक संस्थापक यॉन फॉन टेट्झनर तत्पूर्वीच बाहेर पडले होते. त्यांनी 'विवाल्डी' नावाचा नवा ब्राउझर उभारला आणि २०१६ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तोही क्रोमियमच्याच पायावर उभा आहे, त्याचे नाव निराळे, जुन्या ऑपेराच्या इंजिनाशी त्याचा संबंध नाही. आणि तरीही वापरणाऱ्याच्या मर्जीचा मान राखण्याचे जे व्रत ऑपेराने घेतले होते ते त्याने पुढे चालवल्यामुळे, त्या भक्तांपैकी अनेकांनी त्यालाच खरा वारस मानले. दप्तरी नोंद एकाच्या नावे आणि वारसा दुसऱ्याकडे, हा प्रकार आपल्या संतपरंपरेच्या आणि मठांच्या इतिहासात अपरिचित नाही. प्रेस्टोचा कोड मात्र कंपनीने खुला केला नाही. त्या इंजिनाचे सोने तिजोरीतच राहिले आणि त्यातून कोणाचाही मुकुट घडला नाही.

तिसरे प्रकरण इंटरनेट एक्सप्लोररचे. एके काळी जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक वाचक ज्याच्यामधून जाळे पाहत, तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आला, तेव्हा दक्षिण कोरियातील एका संगणक-अभियंत्याने चक्क त्याची थडग्याची शिळा कोरून घेतली आणि दुसरे ब्राउझर उतरवून घेण्यास हा बरा उपयोगी पडे, अशा अर्थाचा लेख तिच्यावर घातला. ही थट्टा झाली; परंतु ह्या ब्राउझरचा मृत्यू शांत झालेला नाही. सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांनी आपापली कामे एकट्या त्याच्या भरवशावर बांधली असल्यामुळे त्याचे इंजिन 'एज' ह्या नव्या ब्राउझरच्या पोटात एका खास कप्प्यात जिवंत ठेवावे लागले आहे आणि निदान २०२९ पर्यंत ते तेथे राहील असे आश्वासन आहे. वासना अतृप्त राहिलेल्या मृतात्म्याला गती मिळत नाही म्हणतात; येथे वासना मृताची नाही, मागे राहिलेल्यांची आहे. मराठी वाचकालाही ह्याचा अनुभव आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रे आपापल्या खास फाँटमध्ये निघत. तो फाँट पानाबरोबर आपोआप पाठवण्याची जी तऱ्हा होती ती एक्सप्लोररलाच नीट उमगे, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये अग्रलेखाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. आपली लिपी एका कंपनीच्या खिडकीत गहाण पडली होती. ती सुटली ती आणखी चांगला एक्सप्लोरर आल्याने नव्हे. कोणा एकाच्या मालकीची नसलेली युनिकोडची मांडणी सर्वांनी स्वीकारली, म्हणून सुटली.

गेलेल्यांचा मागमूस किती चिवटपणे उरतो, ह्याचा एक गमतीदार पुरावा प्रत्येक ब्राउझरच्या रोजच्या वर्तनात आहे. संकेतस्थळाच्या दाराशी गेल्यावर ब्राउझर आपली ओळख सांगतो, आणि ती ओळख म्हणजे शुद्ध प्रवरोच्चार असतो. आजचा क्रोम प्रथम 'मोझिला' म्हणतो, मग 'ॲपलवेबकिट', मग 'केएचटीएमएल, लाइक गेको', मग स्वतःचे नाव, आणि शेवटी 'सफारी'. मूळ मोझिला म्हणजे नेटस्केप. त्याला सर्व्हर अधिक सुंदर पाने वाढत, म्हणून एक्सप्लोररने लवकरच मोझिलाचे गोत्र सांगून पंक्तीत पाट मिळवला, आणि मग पुढच्या प्रत्येकाने आधीच्यांची नावे लावण्याचा परिपाठ पडला. ह्यात केएचटीएमएल हे तर केडीई प्रकल्पाच्या स्वयंसेवकांचे इंजिन. ॲपलने ते घेऊन वेबकिट केले, गूगलने २०१३ साली त्यातून ब्लिंक काढले, आणि मूळ इंजिनाची देखभाल आता थांबलेली आहे. आज क्रोम, एज, ऑपेरा, विवाल्डी ही सर्व ब्लिंकचीच रूपे होत. कोणी म्हणेल की, हे अद्वैत झाले, नामरूपांच्या मागचे तत्त्व एकच. पण अद्वैतातील एकत्वाला मालक नसतो. येथे त्या एकाचा बहुतांश कारभार एका कंपनीच्या हाती आहे, आणि तत्त्वज्ञानाची परिभाषा वापरून मक्तेदारीला मोक्ष म्हणणे बरे नव्हे.

मग आवडता ब्राउझर बंद पडल्यावर माणसाने करावे काय? पहिली गोष्ट, शोक करावा. घट मोडला हे नाकारून विरक्तीचा आव आणण्याचे कारण नाही. दुसरी, अक्षत दिसणाऱ्या जुन्या देहाला कवटाळून बसू नये, कारण त्याचे प्राण ज्या देखभालीत होते ती थांबली आहे. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नवा ब्राउझर जुन्यासारखा दिसतो का, त्याचे नाव तेच आहे का, ह्यापेक्षा आधीच्याने कोणते दायित्व पत्करले होते आणि ते आता कोण चालवतो आहे, ही चौकशी करावी. त्याचा कोड खुला आहे की कुलपात? उद्या त्याला पाळणारी कंपनी बुडाली किंवा कंटाळली तर दुसऱ्या कोणाला त्याचे काम उचलता येईल का? आणि आपण साठवलेले आपल्याला बरोबर घेऊन बाहेर पडता येईल का? सांख्यांनी स्थूल देहाहून वेगळे, संस्कार वाहून नेणारे लिंगशरीर कल्पिले आहे. ब्राउझरच्या बाबतीत ते काम वाचनखुणांची फाईल करते, आणि एका ब्राउझरमधून बाहेर काढून दुसऱ्यात घालण्यासाठी ही फाईल तयार केली की तिच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचे नाव असते. त्या कंपनीने घालून दिलेला तो मसुदा तिच्या प्रतिस्पर्ध्यांनीही उचलला आणि तो सर्वांचा झाला; ज्यांनी तिला हरवले त्यांच्याकडून निघून जाण्याची वाटही तिनेच आखलेली आहे.

धर्मविचाराने माणसाला मरणोत्तर गतीविषयी पुष्कळ सांगितले, आणि त्यातील बराच भाग श्रद्धेचा आहे. परंतु माणसाने घडवलेल्या ह्या छोट्या अस्तित्वांची मरणोत्तर गती आपल्याला डोळ्यांनी पाहता येते, आणि तिच्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, प्रत्येकाची गती त्याने जिवंतपणी केलेल्या व्यवस्थेवर ठरली. नेटस्केपने पराभवात का होईना हक्क सोडला, आणि तो दुसऱ्या नावाने चालू राहिला. प्रेस्टो कुलपात राहिले, आणि संपले. एक्सप्लोररने सर्वांना आपल्यावाचून अडेल असे करून ठेवले, आणि त्याला सुखाने मरताही आले नाही. म्हणून नवा ब्राउझर निवडताना, जो कायम राहण्याची हमी देतो त्याच्यावर विसंबू नये. आपल्यामागे आपले काम दुसऱ्याला करता यावे, अशी तजवीज ज्याने आजच करून ठेवली आहे त्याच्या स्वाधीन आपले वाचन आणि व्यवहार करावेत; आणि तोही एके दिवशी जाईल हे ओळखून, आपल्या वाचनखुणांची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी.